सज्जन गाठ

आम्रपाली मध्य प्रदेशात, लालबर्र्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. शनिवारी ती बालाघाटला माहेरी आली, तेव्हा तिची माय रुख्माबाई खाटेवर आपली सगळी लुगडी पसरून बसली होती.

"हे हिरवं तुले, ते सुनेले," ती म्हणाली. तिचं तोंड पार सुकून गेलं होतं.

"काय करून राह्यली माय?"

"वाटून टाकलं की मोकळी."

धाकट्या लोकेशनं बहिणीला अंगणात ओढलं. मायच्या मानेवरची गाठ त्यानंच मंगळवारी एका खासगी डॉक्टरला दाखवली होती. सांगता सांगता त्याला रडू फुटलं. "ताई, ट्यूमर हाय म्हणे. बिना इलाजवाला."

"असं म्हणला डॉक्टर?"

"हौ. बिनाइलाज का बिनाइन, काहीतरी. अन् ऑपरेशनबी नाई करायचं म्हणे. संपलंच ना मंग?"

आम्रपालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे, बिनाइन! लॅटिनातून आलेला शब्द हाय तो. मूळ अर्थ दयाळू, सज्जन. अन् ट्यूमर म्हणजे लॅटिनात नुसती सूज. मायची गाठ सज्जन हाय लोकेश, कॅन्सर नाई! विचारलं काहून नाई?"

"मागं लाईन होती. बीए झाला अन् इतकं समजत नाई म्हणला असता, सगळ्यायसमोर."

त्याच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं. पण त्याची खाली गेलेली मान पाहून तिचा राग त्याच्यावर टिकेना. त्याला ही लाज कोणी शिकवली होती?

मायचा तिच्या सांगण्यावर विश्वास बसेना. त्याच संध्याकाळी आम्रपाली दोघांना घेऊन त्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली.

"मैंने तो साफ बताया था," डॉक्टर म्हणाले. "बिनाइन है."

"किस भाषा में बताया था?"

"मॅडम, मेडिकल के शब्द लॅटिन के ही होते हैं. मैंने थोडे ही बनाए."

"आपकी माँ की गाठ होती, तो उनको भी बिनाइन बोलकर घर भेज देते?"

"बाहर भीड देखिए. एक-एक को मतलब समझाता बैठूँ?"

"हाँ," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला. "बैठिए. यही तो काम है आपका."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग रुख्माबाईकडे न पाहताच म्हणाले, "माताजी, कॅन्सर नहीं है. सादी गाठ है. कुछ नहीं होगा आपको."

आता माय रडेल, म्हणून आम्रपालीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. रुख्माबाईनं तो झिडकारला आणि ती उभी राहिली.

"इतकंच होतं?" ती डॉक्टरांना म्हणाली. "इतकुसं बोलाले काय जात होतं तुमचं? मंगळवारपासून माह्या पोटात अन्न नाई. नातवाले जवळ घेतलं नाई, त्याले लागन म्हणून. तो दाराशी रडे अन् मी आतून कडी लावो!"

"माताजी, शांत हो जाइए..."

"नाई होत शांत! अन् तू रे?" ती लोकेशकडे वळली. "तुले तुही इज्जत मोठी झाली? माह्या जिवापेक्षा?"

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. त्यांनी घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं.

रुख्माबाईचा राग काही निवला नाही. लोकेशशी ती कितीतरी दिवस तोडून बोलत होती. पुढच्या तपासणीला तिनं त्याला सोबत घेतलंच नाही, एकटीच गेली. आम्रपालीनं नंतर फोनवर विचारलं तेव्हा तिनं तिखट आवाजात सांगितलं, की डॉक्टरच्या तोंडून अनोळखी शब्द निघाला की ती हात वर करून "म्हणजे?" म्हणायची. अर्थ सांगेस्तोवर स्टुलावरून हलायची नाही. लाईनीतले लोक कितीही कुरकुर करोत.