हीट पंपाचे पांघरूण

मी एक हीट पंप आहे. जुना म्हणावा, तर मी जेमतेम दोन हिवाळे पाहिले आहेत. तरीही एका रविवारी मला भंगारात नेणार होते. मित्रांनो, त्या दिवसाचा धक्का अजून माझ्या पंख्यात थरथरतो.

लंडनच्या पिनर भागात मराठी मंडळींचा एक हॉल आहे. त्याच्या मागच्या भिंतीशी मी उभा असतो. बाहेरची हवा कितीही गार असली, तरी तिच्यात थोडी ऊब असते. ती हवा मी पंख्याने ओढतो, ऊब गोळा करतो आणि आत पाठवतो. त्याला थोडी वीज लागते, पण गॅस जाळावा लागत नाही.

महामारीनंतर देश सावरावा म्हणून साऱ्यांच्या करांतून एक निधी काढला गेला. हवा न बिघडवणारी यंत्रे आणि डिजिटल सोयी यांसाठी तो होता. त्यातून मी आलो, आणि माझी तब्येत दाखवणारा एक स्क्रीनही आला. म्हणजे माझ्यात तुमच्या आईबाबांचा वाटा आहे, आणि ग्लासगोच्या एखाद्या बसचालकाचाही.

उल्कामावशींनी मला हळदीकुंकू लावले. त्या निवृत्त नर्स. हॉलमधली वस्तू न् वस्तू जपणाऱ्या. थंडी पडू लागताच त्या म्हणाल्या, "एवढी महागाची वस्तू उघड्यावर कशी ठेवायची?" त्यांनी जाड रेक्झिनचे कव्हर शिवले, पार माझ्या पायांपर्यंत, आणि नाड्या घट्ट बांधल्या. हॉलचे अध्यक्ष डॉक्टर पद्माकर यांनी स्क्रीन कपाटात ठेवून कुलूप लावले. "मुलं बोटं लावतील," ते म्हणाले.

मला काही कळेचना. थोडा चालायचो, गुदमरायचो, बंद पडायचो. ज्या हातांनी कुंकू लावले, त्याच हातांनी माझा श्वास कोंडला होता, आणि तोही मायेने.

आत रविवारची मराठी शाळा भरायची. मुले कोट घालून बसायची.

"टीचर, माझा नाक थंड झाली," छोटी मायरा म्हणाली.

"माझं नाक थंड झालं," शिकवणाऱ्या अनुयाने सुधारले.

"तुमचं पण?"

हळूहळू पालक मुलांना पाठवेनासे झाले. शेवटी शाळा बंद करायची आणि मला काढून टाकायचे ठरले. "ग्रीन म्हणे," पद्माकर म्हणाले. "ह्याच्यापेक्षा माझी हॉट वॉटर बॉटल बरी."

शेवटच्या रविवारी दुपारी मला न्यायला व्हॅन येणार होती. सकाळीच उल्कामावशी मागे आल्या. "पंप न्या हवा तर," त्या पुटपुटल्या, "कव्हर माझ्या मेहनतीचं आहे, ते नाही देणार." त्यांनी नाड्या सोडल्या.

हवा आत आली. माझा पंखा फिरला, आणि या वेळी थांबला नाही.

वर्ग सुटायच्या सुमारास मायराने कोट काढून ठेवला. अनुयाने रेडिएटरला हात लावला, तो चांगला तापला होता. तेवढ्यात मावशी कव्हरची घडी घेऊन आत आल्या.

"मावशी, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही गं. माझं कव्हर तेवढं काढलं."

व्हॅनची वाट बघत थांबलेल्या पद्माकरांनी हे ऐकले आणि खिशातून किल्ली काढली. त्यांनी कपाट उघडले. स्क्रीनवर लाल अक्षरे होती: हवा अडली आहे, यंत्रावरचे आवरण काढा. हिवाळाभर ती अंधारात सांगत होती.

"सर्जन असून पेशंटचा मॉनिटर मी कपाटात कोंडला," ते हळूच म्हणाले.

मावशी खुर्चीत बसल्या. "आणि मी नर्स असून त्याचं नाक दाबलं."

व्हॅन रिकामी परत गेली. शाळा चालू राहिली. स्क्रीन आता दाराजवळ टांगला आहे, आणि मायरा तो दर रविवारी मोठ्याने वाचते. कव्हर कापून मावशींनी मुलांसाठी बसकरे शिवली.

मित्रांनो, सगळ्यांनी मिळून दिलेली वस्तू जरूर जपा. पण झाकण्याआधी एवढे बघा, की ती श्वास कुठून घेते.