मातीकाकांची वाट

मातीकाकांनी ऑटोक्लेव्हचं झाकण उघडलं, आणि उकडलेल्या मातीचा वास प्रयोगशाळेभर पसरला. त्यांच्या लेखी तो भला मोठा कुकरच. एकतीस वर्षं हेच काम: कुरणांतली माती आणायची, अर्धी वाफवायची, अर्धी जिवंत ठेवायची आणि दोन्हींत तेच विषारी तण लावायचं. मातीला कसला आलाय जीव, असं म्हणणाऱ्यांची काकांना कीव यायची. डोळे मिटले की त्यांना तर तिची कुजबुजही ऐकू यायची. निवृत्तीला आता तीनच दिवस उरले होते.

संशोधन करणाऱ्या बाईंनी कुंड्या दाखवल्या. वाफवलेल्या मातीतलं तण मरतुकडं, जिवंत मातीतलं माजलेलं. बी वाऱ्यावर कुठंही जातं, पण मुळांशी राहणारे त्याचे सूक्ष्मजीव मातीत असतील तिथंच ते पाय रोवतं, असं बाईंनी समजावलं. मग नकाशा पसरला. वरच्या तणाच्या कुरणातून खालच्या चांगल्या कुरणात तणाची एक रेघ उतरली होती.

"वारा अशी वळणं घेत नाही," बाई म्हणाल्या.

काकांनी रेघेवरून बोट फिरवलं. खडकाला वळसा, उथळ ओढा, मग ज्या झाडाखाली बसून ते डबा खायचे ते झाड. रोज आधी वरची माती, मग खालची. खुरपी त्यांनी दरवेळी स्पिरिटनं पुसली होती. बूट मात्र एकदाही धुतले नव्हते. ती रेघ म्हणजे त्यांचीच रोजची पायवाट होती.

खालच्या कुरणात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मेंढ्या चरायच्या. महिन्याभरात दोन दगावल्या होत्या, आणि ती बिचारी पाण्याला दोष देत होती.

संध्याकाळी ते तिच्याकडे गेले. धुक्यात तणाची निळी फुलं डुलत होती, आणि इतकी सुंदर की काकांना रडू आलं. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

"पाणी चांगलंय गं. मीच आणलं हे, माझ्या पायांनी."

ती मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"आई ओरडायची, दादा. पाय धुऊन आत ये म्हणून," ती म्हणाली.

काकांनी दुसऱ्याच दिवशी बूट ऑटोक्लेव्हमध्ये घातले. चामडं आक्रसून ते लहान पोराच्या बुटांएवढे झाले.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी ते जुनी वाट सोडून अनवाणीच लांबच्या डांबरी रस्त्यानं बहिणीकडे निघाले. कुंपणाच्या फाटकाशी गरम पाण्याची बादली आणि ब्रश ठेवलेला होता. काका खाली बसले आणि पायांच्या नखांच्या कडा घासू लागले. ती मेंढ्यांना पलीकडे थोपवून उभी होती.