बसून ओढायची

लाउरी नर्स घरात शिरली आणि कोट काढायच्या आधीच तिने हळूच एकदा श्वास आत ओढला. आयरवेनला तेवढ्यावरून कळलं, आज काहीतरी ऐकावं लागणार.

लाउरी मनाने चांगली मुलगी होती. आधी तिने आयरवेनच्या नवऱ्याची, एमलिनची छाती तपासली, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला, नाकातली नळी जिथे कानामागे काचत होती तिथे कापसाची घडी ठेवली. एमलिनचा पलंग पुढच्या खोलीत खाली आणला होता, कारण जिना आता त्याच्याच्याने होत नव्हता. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर एका सुरात गुरगुरत असे. लाउरीने चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मग खालच्या आवाजात सांगितलं की ज्या घरात कुणी सिगारेट ओढतं तिथे हे यंत्र ठेवता येत नाही. एक ठिणगी नळीजवळ आली तर माणूस जागच्या जागी पेटतो. मागच्या दारात उभं राहून ओढलं तरी वास आत येतो, म्हणजे ठिणगीही येऊ शकते. पुढच्या फेरीला असाच वास आला तर तिला वर कळवावं लागेल, यंत्र परत जाईल, आणि यंत्राबरोबर एमलिनलाही इथून हलवावं लागेल, टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात.

एमलिन बशीतल्या बिस्किटाकडे बघत राहिला. त्याच्या छातीत निम्मी खाणीतली धूळ होती आणि निम्मी सिगारेट. सोडून काही उपयोग उरला नाही तेव्हा त्याने सिगारेट सोडली होती. त्यामुळे या विषयावर तो कुणाला उपदेश करत नसे.

आयरवेनने मान हलवली आणि लाउरीला दारापर्यंत सोडलं. मग सवयीने ती स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेली, खिशात हात घातला, आणि तशीच उभी राहिली.

ती जागा तिची होती. सकाळी एमलिनचं अंग पुसणं, गोळ्या, चादर बदलणं, भांडं धुणं, रस्सा घालून मऊ केलेलं जेवण, पुन्हा गोळ्या, दुपारी पाय चोळणं, पुन्हा चादर. रविवारी प्रार्थनेला चॅपलमध्ये जाणंसुद्धा सुटलं होतं. लहानपणापासून न चुकलेला नेम एकदा मोडला आणि मग मोडतच गेला. देवाला ती रोज भांडी घासताना दोन शब्द सांगत असे, तेवढंच. या सगळ्यात दिवसाकाठी काही वेळा ती मागच्या दारात एक पाय उंबऱ्यावर ठेवून सिगारेट पेटवायची. एक कान आत असायचा. पण सिगारेट संपेपर्यंत तिला कुणी काही मागत नसे. एमलिनही नाही. ती पेटवल्याचा आवाज त्याला ऐकू जायचा, आणि ती विझवून आत येईपर्यंत तो पाण्यालासुद्धा हाक मारायचा नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नेस्टाला एमलिनपाशी बसवून ती उतारावरच्या गेथिनच्या दुकानात गेली. पूर्वी तिथे खाटकाचं दुकान होतं. आता काचेच्या कपाटात रंगीबेरंगी बाटल्या मांडल्या होत्या, लहान मुलांच्या सरबतासारख्या. गेथिन चॅपलच्या रविवारच्या वर्गातला तिचा विद्यार्थी. आता त्याची दाढी पिकायला लागली होती, तरी तिला पाहून तो काउंटरमागे सावरून उभा राहिला.

"आयरवेन मावशी, तुम्ही? मला वाटलं तुम्ही माझी शिकवणी घ्यायला आलात."

तिने कारण सांगितल्यावर त्याची थट्टा थांबली. त्याने पेनासारखी एक ई-सिगारेट काढली, पुदिन्याच्या वासाचं द्रव त्यात कसं भरायचं ते दाखवलं. भरल्या भरल्या ओढायची नाही, आत कापूस असतो, तो भिजू द्यायचा, तोवर एक चहा घ्यायचा. बटण दाबायचं, गरम चहाचा घोट घेतात तसं हळू तोंडात घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग छातीत. आणि हेही यंत्रापासून लांब, घराबाहेरच. चार्जिंगलासुद्धा त्या घरात लावायची नाही. तिने सगळं ऐकलं. ऐकताना सोपं वाटलं.

बागेच्या वरच्या टोकाला एक बाक होता. त्यांच्या ओळीतल्या सगळ्याच घरांच्या बागा डोंगराला टेकलेल्या, पायऱ्या पायऱ्यांनी वर चढणाऱ्या. आयरवेन पायऱ्या चढून गेली, बाकाजवळ उभी राहिली आणि द्रव भरून लगेच जोरात ओढलं. चहा घ्यायला कुणाला वेळ होता? इस्त्रीखाली जळलेल्या फडक्याची चव तोंडभर पसरली. तो कापूस फुकट गेला. गेथिनने दुसरा बसवून दिला, तेव्हा तिने भिजवण्यापुरती वाट पाहिली, पण ओढली पुन्हा तशीच, भराभर, सिगारेट ओढतात तशी. आतलं द्रवच जिभेवर आलं, कडू आणि तिखट. खोकल्याने ती वाकली.

भिंतीपलीकडून नेस्टाचं डोकं वर आलं. नेस्टाच्या ओठात तिची नेहमीची सिगारेट होती.

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलवू का गं? एमलिनसाठी नाही, तुझ्यासाठी."

आयरवेनला हसायला आलं नाही. तिने डोळे पुसले आणि खाली उतरली. आठवडाभर हेच चाललं. दोन झुरके, खोकला, घसा धरून खाली. विश्रांती तर नाहीच, वर पायऱ्यांची चढउतार. संध्याकाळी एमलिनच्या शर्टाची बटणं लावताना ती उगाच त्याच्यावर करवादायची. एकदा चमचा हातातून पडला तर ती तिथेच जमिनीवर बसून राहिली, उचलायचं बळ गोळा करत.

मग एका दुपारी ती भिंतीशी गेली आणि नेस्टाने काही न विचारता पाकीट पुढे केलं. नेस्टाच्या अंगणात, कोळशाच्या खोलीआड, तिने एक सिगारेट शेवटपर्यंत ओढली. पहिल्या झुरक्याला खांदे खाली आले. इतकं बरं वाटलं की लाज वाटली. घरी येऊन तिने हात धुतले, तोंड धुतलं, झगा बदलला आणि एमलिनची उशी सारखी करायला वाकली.

"नेस्टाकडची?" एमलिनने विचारलं.

ती हो म्हणाली. त्याच्यापाशी खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि ती शिल्लक नव्हती.

तो थोडा वेळ श्वास जमवत राहिला. त्याचं प्रत्येक वाक्य हल्ली असं हप्त्याहप्त्याने यायचं. मग म्हणाला, ते नवीन यंत्र कसं ओढतेस ते दाखव. इथे आणायची परवानगी नाही, ती म्हणाली. त्यावर त्याने शब्दकोड्यावरची आखूड पेन्सिल तिच्या हातात दिली.

तिने पेन्सिल ओठात धरली आणि गाल आत जाईपर्यंत ओढून दाखवलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. एमलिन हसला, हसण्याचा खोकला झाला, खोकला बसेपर्यंत तिने त्याची पाठ धरली.

"तू चोरून ओढतेयस," तो म्हणाला. "कुणीतरी आत्ता हाक मारेल, त्याच्या आधी उरकायचं, अशी."

"मारतंच कुणीतरी."

"मारतो. खरंय." तो थांबला. "आधी बस. तू उभी आहेस."

ती पलंगाच्या कडेला बसली. रुग्णालयातल्या वर्गात त्याला श्वास घ्यायला शिकवलं होतं. सत्तरी उलटलेल्या माणसाला श्वास घ्यायला शिकवतात म्हणून त्या वेळी तो फार चिडला होता. तेच आता तो तिला शिकवू लागला. नाकाने फूल हुंगल्यासारखा आत. ओठांचा चंबू करून, मेणबत्ती हलेल पण विझणार नाही असा बाहेर. खांदे सोड. अजून सोड. पेन्सिलीला घाई नाही. यंत्राच्या गुरगुरीबरोबर दोघं नवराबायको पुढच्या खोलीत समोरासमोर बसून श्वास घेत राहिली, एकाला तो पुरत नव्हता म्हणून आणि दुसरीला तो घ्यायची सवय राहिली नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाकावर ती आधी बसली. पाठ टेकली. बटण दाबून हळू तोंडात घेतलं, थांबली, मग खाली जाऊ दिलं. घशाला नुसता चटका बसला, तोही लगेच निवला. खोकला आला नाही. तिने ओठांचा चंबू करून वाफ सोडली, आणि ती समोरच्या ओल्या हवेत विरताना पाहिली. समोर डोंगर होता. तो तिथे जन्मभर होता, पण त्यावरच्या मेंढ्या कधी इतक्या खाली आल्या, कुणी कुंपण नवं घातलं, हे तिने पाहिलंच नव्हतं. तिने पुन्हा एकदा ओढलं. मग थोडं थांबून पुन्हा. काहीच जळत नव्हतं, काहीच आखूड होत नव्हतं. बोटांना चटका बसून ऊठ म्हणणारं काही नव्हतं. भुरभुर पाऊस सुरू झाला तरी ती बसून होती.

ती खाली आली तेव्हा चहा करायचा विचार करत आली. यंत्र गुरगुरत होतं. पण एमलिनचे ओठ काळेनिळे झाले होते आणि मान एका बाजूला कलली होती. नळीचा सांधा पलंगाच्या पायाशी सुटून पडला होता. तिने गुडघ्यावर बसून तो जोडला, नळी नाकात सारखी केली, त्याला उचलून बसतं केलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत राहिली, फूल, मेणबत्ती, फूल, मेणबत्ती, जोवर ओठांचा रंग परत येत नाही तोवर. पलंगाशेजारच्या स्टुलावर पितळेची घंटा होती. ती त्याच्या हाताच्या अंतरावर होती.

"घंटा का नाही वाजवलीस?" तिने शेवटी विचारलं.

"सिगारेट असती तर मला ठाऊक असायचं. इतक्यात येईल. या वाफेला काही शेवटच नाही. म्हटलं अजून थोडी बसू दे. पहिल्यांदाच बसली होतीस." श्वास. "मग हात उचलेना."

ती काही बोलली नाही. त्याला पाणी दिलं, तोंड पुसलं, पांघरूण वर ओढलं. मग स्वयंपाकघरात गेली, खिशातली ई-सिगारेट काढून खिडकीत ठेवली आणि कोट घातला. तिला रागही नव्हता आणि रडूही नव्हतं. एवढंच स्पष्ट दिसत होतं की सिगारेट संपते आणि ही संपत नाही. संपणारी गोष्ट असली म्हणजे माणूस वेळेवर परत येतो. नेस्टाचं अंगण भिंतीपलीकडे होतं. वास लपवायचं पुढचं पुढे.

घंटा वाजली. एकदाच, हलकी.

ती पुढच्या खोलीत गेली. एमलिनने तिच्या अंगावरच्या कोटाकडे पाहिलं.

"यंत्र नेतील, आयरवेन."

"नेऊ देत. मी वर बसले आणि तू इथे गेलास, तर यंत्र काय चाटायचं आहे?"

"मला टेकडीपलीकडे मरायचं नाही," तो म्हणाला. हे त्याने आजवर कधी सांगितलं नव्हतं. "आणि तुला उभं राहून मरू द्यायचं नाही. कोट काढ. काहीतरी माप काढू."

माप त्यानेच काढलं. श्वास होता तेव्हा तो चॅपलच्या पुरुषांच्या गायनमंडळात खर्जात गात असे, आणि त्यांच्या गाण्यांची एक सीडी कपाटात धूळ खात होती. त्यातले बरेचजण आता हयात नव्हते आणि त्याचा स्वतःचा आवाज त्यात कुठेतरी तळाशी होता, म्हणून ती लावायचं त्याला धाडस झालं नव्हतं. आता त्याने ती लावायला सांगितली. आयरवेन मागच्या दाराबाहेर पडली की तो हातातल्या रिमोटने एक स्तोत्र लावणार. मागचं दार किलकिलं राहील. स्तोत्र संपलं की तिने खाली यायचं. आणि मध्येच काही लागलं तर तो बंद करेल, म्हणजे तिने धावत यायचं. घंटेला हात लांब करायला लागतो, बटणाला नुसता अंगठा पुरतो.

पहिल्या दिवशी ती बाकावर ताठ बसून होती, ओढायचंही विसरून, स्तोत्र तुटतंय का ऐकत. ते तुटलं नाही. संपलं, ती उतरली, एमलिन ठीक होता. त्यानंतर रोज थोडं सैल होत गेलं. नेस्टाने भिंतीवरून कुरकुर केली की अख्ख्या ओळीला कळतं आयरवेन वाफ सोडायला बसली, मेलेल्या माणसांना गाताना ऐकून माझी मात्र सिगारेट घशात अडकते. तरी ई-सिगारेट चार्जिंगला नेस्टाच्याच घरी लावलेली असायची, आणि पावसाच्या दिवशी ती बाकावर जुनी गोणी टाकून ठेवायची.

लाउरी आली तेव्हा तिने तसाच हळूच श्वास घेतला. मग कोट काढला, चहा मागितला आणि या घरात कुणी सारखं दात घासतं का, असं विचारलं. यंत्राबद्दल ती काही बोलली नाही. एमलिनच्या बोटावरचा आकडा मात्र मागच्या वेळेपेक्षा खाली होता. तो तिने वहीत लिहिला, आणि दारापर्यंत सोडायला आलेल्या आयरवेनच्या दंडावर क्षणभर हात ठेवला.

त्या दुपारी आयरवेन पायऱ्या चढून वर गेली. खालून खर्जातले आवाज सुरू झाले, जाड आणि संथ, सगळे मिळून एकाच वेळी श्वास घेणारे. तिने पाठ टेकली. हात खिशात गेला होता, तो तिथेच राहिला. एमलिन आता किती दिवस आहे हे तिने मोजलं नाही, देवाला विचारलंही नाही. ती फक्त बसली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, शेवटचा सूर लांबत लांबत थांबला, आणि ती उठली.

पहिल्या पायरीवर पाय ठेवला तोच खाली एमलिनने दुसरं स्तोत्र लावलं.

ती थांबली. खालून कुणी हाक मारत नव्हतं. मग ती परत फिरली, गोणीवर बसली आणि समोरच्या डोंगराकडे बघत हळू श्वास घेत राहिली, त्याने शिकवला होता तसा.