आधी मेन पाड

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो, पाण्याखालचा. एका इस्पितळाच्या अंगणातल्या कारंज्याच्या तळाशी माझी उमर गेली. आता पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेला असतो, कोरडाठाक. खरे तर तुमच्यापुढे बोलायला मला तोंड नाही, तरी बोलतो.

कारखान्यात मला जाड काच मिळाली, पितळेचे कडे मिळाले आणि त्या दोघांमध्ये रबराची चकती बसवली गेली. ती घट्ट असेल तोवर पाणी बाहेर आणि वीज आत. शिवाय पंपाच्या खोलीत माझ्यावर एक राखणदार नेमला होता, ट्रिप स्विच. वीज जरा कुठे पाण्यात पाझरली, की तो खट्कन पडणार आणि मी विझणार, असा करार होता.

संध्याकाळी मी लागलो की रुग्णांचे नातेवाईक काठावर येऊन टेकत. कुणी डबा उघडे, कुणी गुपचूप डोळे पुसे. रडणारी पोरे पाण्याकडे बघत गप्प होत. मग माझी छाती फुगायची.

माळीबुवांशी माझे विशेष जमे. दिवसा पाण्यावर ऊन चमके आणि तळाची पाने दिसत नसत. म्हणून ते दिवेलागणीला, मी पेटल्यावर, बाही वर सारून पाण्यात हात घालत. माझ्या उजेडात एकेक पान काळेभोर उठून दिसे. तिथला वायरमन त्यांचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. तो बघून चिडायचा.

"दाजी, किती वेळा सांगू? दिवा बंद करून हात घालत जा!"

"मग पानं काय चाचपून काढू? आणि तुमचा तो राखणदार बसलाय ना खोलीत? तुम्हीच उठता बसता त्याचे गोडवे गाता."

यावर वायरमन कपाळाला हात लावून हसायचा.

वर्षे गेली. माझे रबर कडक झाले, चिरले आणि आत पाणी शिरू लागले. स्विच रोज पडायला लागला. मला त्याचा भारी राग येई. ऐन गर्दीत मला विझवणारा हा टिकोजीराव कोण? त्यातच एके संध्याकाळी इस्पितळ बघायला बडे पाहुणे यायचे होते. "आज दिवा विझता कामा नये," व्यवस्थापकांनी वायरमनला बजावले. त्याने तारेचा एक तुकडा जोडून स्विचला बगल दिली. "आजच्यापुरतं. उद्या रबर बदलतो," तो स्वतःशीच पुटपुटला.

मित्रांनो, त्या संध्याकाळी मी एकदाही विझलो नाही. राखणदाराचे तोंड बांधले म्हणून मी खूश होतो. हे आठवले की अजून माझी मान खाली जाते.

उद्याचा परवा झाला. रबर यायचे होते, मग दुसरी कामे निघाली. बिनतक्रार जळणाऱ्या दिव्याची आठवण कुणाला राहते? दाजींना सांगायचेही राहूनच गेले.

आणि एका संध्याकाळी माळीबुवांनी नेहमीसारखी बाही वर सारली. माझ्या कड्याला एक पान चिकटले होते. ते काढताना त्यांची बोटे कड्याला लागली आणि तिथेच आवळली गेली. त्यांना ओरडताही येईना. त्यांना सोडावे म्हणून माझा जीव तडफडत होता, पण सोडणे माझ्या हाती नव्हते.

त्यांची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. चादरींचा गठ्ठा घेऊन अंगणातून जाताना तिने ते पाहिले. गठ्ठा टाकून ती पळाली, पण नवऱ्याकडे नव्हे, उलट्या दिशेला.

"अहो बाई, तुमचा माणूस इकडे आहे!" रखवालदार ओरडला आणि माळीबुवांना ओढायला धावला.

"हात लावू नका कुणी!" ती पळतापळता किंचाळली.

लहानपणापासून भावाने तिच्या डोक्यात एकच गोष्ट भरली होती. कुणाला विजेने धरले तर आधी मेन पाड, मग माणसाला हात लाव. तिने पंपाच्या खोलीत शिरून सगळी वीज तोडणारा मेन स्विच पाडला आणि मी विझलो. विझल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

माळीबुवा वाचले. वायरमन धापा टाकत खोलीत आला, तेव्हा बहीण बोर्डासमोर उभी होती.

"दादा, ही तार कुणी घातली?"

"मीच."

"त्या पाण्यात रोज कुणाचा हात असतो, ठाऊक होतं ना तुला?"



माळीबुवांच्या उजव्या हाताची बोटे आता नीट मिटत नाहीत; कात्री ते डाव्या हाताने चालवतात. कारंज्यात बारा व्होल्टचे, जिवाला धोका नसलेले नवे दिवे आले आहेत. त्यांचे रबर वेळेवर बदलले जाते. स्विचवरचे तपासणीचे बटण वायरमन दर महिन्याला दाबतो. स्विच पडला, की त्याच्या जिवात जीव येतो. मित्रांनो, तुमच्या घरचा स्विच सारखा पडत असेल, तर त्याला शिव्या देऊ नका. तो कशाने पडतो ते वायरमनला शोधायला लावा.

पाने आता दिवसाच काढतात. वायरमन मेन पाडतो, पंपाच्या खोलीला कुलूप लावतो आणि किल्ली बहिणीच्या हातात देतो. मग पँट दुमडून स्वतःच पाण्यात उतरतो आणि तळ चाचपत राहतो.

"मेहुणे, पुरे आता, गारठाल. मी काढतो की," माळीबुवा काठावरून म्हणतात.

तो ऐकत नाही. शेवटचे पान हाती लागेपर्यंत बहीण किल्ली मुठीत धरून तिथेच उभी असते.