फुगलेला दरवाजा आणि नाथाजींची सुनावणी

मी सुनावणीच्या खोलीचा दरवाजा बोलतोय. भिंतींना नुसते कान असतात, मला तोंडही आहे. पण ते नीट मिटत नाही, हेच माझं दुखणं.

कराडकडच्या एका आंब्याच्या लाकडातून माझा जन्म झाला. साताऱ्याजवळच्या मनोरुग्णालयात मला आधी कोठीला बसवलं. तिथल्या ओलीनं मी असा फुगलो, की लावायचं तर दोघांना खालून उचलावं लागतं. पुढे त्या कोठीची सुनावणीची खोली झाली. मर्जीविरुद्ध दाखल केलेल्या माणसाला ठेवायचं की घरी सोडायचं, ते इथं मंडळ ठरवतं. कायदा म्हणतो, हे काम बंद दाराआड व्हावं. आणि दार कोण? मी! आली का पंचाईत!

त्या दिवशी नाथाजींची सुनावणी होती. औंधकडचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. एकाएकी त्यांची झोप उडाली आणि पहाटे शिट्टी फुंकून ते म्हशींची परेड घेऊ लागले. म्हशींची काही तक्रार नव्हती. पण पुढे भावकीलाही रांगेत उभं केलं, आणि एक दिवस पाण्याच्या टाकीवर चढले ते उतरेनात. तेव्हा घरच्यांनी इथं आणलं. आता बरं वाटतंय, घरी जायचंय, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्यासाठी अख्खी भावकी टेम्पो करून आली. गावात निवाडा चावडीवर, चारचौघांत होतो. जेवढी माणसं जास्त, तेवढी बाजू भक्कम. म्हणून भाकरीची बुट्टी आणली, वर हलगीही आणली. सुटका झाली तर वाजवायला!

चुलतभाऊ तात्याबानं माझ्या फटीत पायच घातला. "आवं बाई, दार लावून कसला न्याय? आत तुमी काय करताय, ते आमाला दिसाय नको व्हय?"

मंडळाच्या अध्यक्ष चारुशीलाबाई म्हणाल्या, "नाथाजींनी सांगितलं, तरच कुणाला आत घेता येईल."

"आमी सांगतो की तेच्या वतीनं!"

खरं सांगू? मला तात्याबाचंही पटत होतं. बंद दाराआड माणसाचं कुणी काही केलं, तर बघणार कोण?

तेवढ्यात नाथाजी उभे राहिले. "तात्या, पाय काढ गड्या. मला रडायचं हाय. तुमच्याम्होरं रडाया येत न्हाई."

तात्याबानं पाय काढला. मग त्यानंच पुतण्याला हाक मारली, दोघांनी मला खालून उचललं आणि हलकेच लावलं. मला तर भरूनच आलं.

"फटीतनं ऐकू येतंय रं," तात्याबा कुजबुजला. "हलगी काढ! कुनाच्या कानावर शबूद पडाय नको."

हलगी कडाडली. चारुशीलाबाई आतून ओरडल्या, "अहो, आम्हालाच ऐकू येईना!" मग सगळी भावकी हलगीसकट फाटकाबाहेर जाऊन बसली. तिथं भाकऱ्या संपल्या, पण एकही माणूस माझ्याकडे फिरकला नाही.

मंडळानं नाथाजींना घरी सोडलं, गोळ्या मात्र चालू ठेवायला सांगितल्या. ते लाल डोळ्यांनी बाहेर आले.

"काय बोललास रं आत?" तात्याबाला राहवेना.

नाथाजींनी माझ्यावर थाप मारली. "ह्याला इचार."

गोळ्या न्यायला दोघं आले, की तात्याबा अजून माझ्याकडे आशेनं बघतो. आता सुतार येऊन मला रंधा मारणार आहे म्हणे. खुशाल मारू दे. मी एवढा बडबड्या, तुम्हाला सगळं सांगितलं. पण नाथाजी आत काय बोलले, ते मी सांगायचा नाही.

मग तुम्ही कशाला थांबलाय? पाय काढा, गड्यांनो.