चौदा अंगठे, एक मोबाइल नंबर

मित्रांनो, मी बँकेतला एक जुना स्टॅम्प पॅड आहे आणि मी रागावलो आहे. म्हाताऱ्याने आपली कहाणी शांतपणे सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल, तर ती आज बाजूला ठेवा.

पत्र्याची चपटी डबी, वर कापड आणि त्यात मुरलेली जांभळी शाई, एवढाच माझा संसार. नवीन खाती उघडतात त्या टेबलावर माझी नेमणूक झाली. ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे माझ्यावर टेकत. कुणाचा थरथरता, कुणाचा मातीने भरलेला. अंगठा टेकला की मला माणूस कळे. टेबलावरचे साहेब माझे कौतुक करत आणि मी फुगून जाई. आता ते आठवले की लाज वाटते.

नियम साधा होता. अंगठेवाल्या खातेदाराला समोर बसवायचे आणि त्याच्याशी एकट्याशी बोलायचे. काम काय करता, पगार हातात पडतो का, पासबुक कोणाकडे राहणार, हे विचारायचे. मग फॉर्मवर ‘खातेदाराशी स्वतः बोललो’ या चौकटीत खूण करायची. आमचे साहेब ही खूण सकाळी चहा पिता पिता कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर आधीच करून ठेवत. गर्दीत वेळ वाचतो म्हणे!

एके दिवशी एक ठेकेदार कोळंबी सोलणाऱ्या चौदा बायकांना घेऊन आला. त्या लाजतात, मीच सांगतो, असे म्हणून त्याने सगळी उत्तरे स्वतःच दिली. चौदा जणींचा पत्ता एक, मोबाइल नंबर एक, आणि तो नंबर ठेकेदाराचा. त्यात दोघी बहिणी होत्या. थोरलीचा अंगठा माझ्यावर टेकला आणि मी चरकलो. त्याच्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. बर्फाच्या पाण्याने आणि कवचांनी त्या खाऊन टाकल्या होत्या. ठेकेदाराने तिचे मनगट धरून अंगठा तीनदा दाबला, तरी कागदावर नुसता डाग उमटला. साहेब म्हणाले, चालेल. पासबुके आणि कार्डे ठेकेदाराच्या पिशवीत गेली. एका दिवसात चौदा खाती उघडली म्हणून साहेबांची पाठ थोपटली गेली.

पुढे दर महिन्याला त्या खात्यांत पगार येई आणि तासाभरात एकच माणूस बाहेरच्या मशीनमध्ये एकामागून एक कार्डे घालून पैसे काढून नेई. मुख्य कार्यालयाच्या संगणकानेही विचारले, चौदा खात्यांना एकच नंबर कसा? साहेबांनी उत्तर धाडले की खातेदारांशी स्वतः बोललो आहे. रोखपाल बाईंनी त्यांना हटकले, तेव्हा साहेब म्हणाले, “बाई, पगार येतोय ना? मग नसती उठाठेव कशाला?” बाई गप्प बसल्या. त्यांनाही मी माफ केलेले नाही.

आठ महिन्यांनी तो डागाचा फॉर्म मुख्य कार्यालयातून परत आला, अंगठा पुन्हा घ्या म्हणून. ठेकेदाराला थोरलीला आणावेच लागले. साहेब रजेवर होते आणि टेबलावर रोखपाल बाई होत्या. त्यांनी ठेकेदाराला बाहेर थांबायला सांगितले. तो म्हणाला, मी तिचा काका आहे.

“मग काकांनी बाहेर बसावं,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

पगार किती मिळतो, असे त्यांनी विचारले. थोरलीने बराच वेळ दाराकडे पाहिले.

“आम्हाला गावाहून आणण्याचा खर्च फिटला की मिळणार आहे,” ती म्हणाली. “आम्ही राहतो त्या शेडला बाहेरून कुलूप असतं. धाकटीला दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे नेलं, कुठे ते सांगत नाहीत. बाई, तिचं खातं तुमच्याकडे आहे ना? मग ती कुठे आहे ते तुम्हाला दिसत असेल.”

आणि दिसत होते, मित्रांनो! धाकटीच्या कार्डावर मात्र गेले दोन महिने एका बंदराच्या गावातून पैसे निघत होते. ज्याला पाहायचे होते त्याला ते पहिल्या दिवसापासून दिसले असते. बाईंनी थोरलीला आतल्या खोलीत बसवून पोलिसांना फोन केला. संध्याकाळपर्यंत शेडचे कुलूप तुटले आणि ठेकेदाराला बेड्या पडल्या. बारा बायका बाहेर आल्या. पण बंदराच्या गावी पोलीस पोहोचले, तेव्हा तिथली शेड धुऊनपुसून रिकामी केलेली होती. शेजारी म्हणाले, परवापर्यंत मुली होत्या इथे.

साहेबांची बदली झाली. फक्त बदली! तिथेही ते टेबलावर बसतात आणि सकाळी चहा पितात.

माझी शाई आता सुकत आली आहे. मला तोंड नाही, नाहीतर त्या पहिल्याच दिवशी ओरडलो असतो. तुम्हाला आहे. उद्या तुमच्यातले कोणी अशा टेबलावर बसेल. तेव्हा समोरच्या माणसाला विचारल्याशिवाय खूण करू नका.

धाकटीचे खाते बाईंनी बंद होऊ दिलेले नाही. ते कार्ड कुठे चालले तर लगेच कळावे म्हणून. थोरली दर सोमवारी येते, रांगेत उभी राहते आणि खिडकीशी आली की एवढेच विचारते, “काही नोंद झाली का?”