धाकट्यापासून सुरुवात

सासऱ्यांनी डाव्या हाताच्या बोटांनी टेबलावर दोनदा टकटक केलं, आणि दीर बोलता बोलता थांबले.

"काय हवंय बाबांना? पाणी?"

जाऊबाई पाण्यासाठी उठल्या. धाकट्या सुनेने मात्र मांडीवरच्या बाळाच्या मुठीतून आपल्या केसांची बट सोडवली आणि ती ताठ बसली. ती टकटक तिच्या ओळखीची होती.

टेबलावर शुश्रूषागृहाचं गुळगुळीत माहितीपत्रक पडलं होतं. पक्षाघाताने सासऱ्यांची वाचा नेली, उजवी बाजू नेली, आणि तेव्हापासून त्यांचं भरवणं-पुसणं तिच्याकडे आलं होतं. परगावी राहणारे दीर आज आले ते ठरवूनच.

"हिची दशा बघा," ते म्हणत होते. "तान्हं मूल, त्यात बाबा. मी हिच्याचसाठी म्हणतोय. सगळ्यांचं एकमत आहे ना? मग सोमवारी नेऊन सोडतो."

नवरा माहितीपत्रकाचा कोपरा दुमडत बसला होता. दमल्याभागल्या मनाने ती त्याच्याजवळ रडली होती. ते रडणं जसंच्या तसं थोरल्या भावाच्या कानावर गेलंय, हे तिला आत्ता कळत होतं.

पुन्हा टकटक. या वेळी सासऱ्यांनी बोट तिच्याकडे केलं.

लग्नाआधी ती त्यांच्याच कचेरीत होती. शब्दकोशाचा राजकारणातल्या शब्दांचा खंड चालू होता आणि मदतनिसांत ती सगळ्यांत धाकटी. एखादा अर्थ पक्का करायचा झाला की मुख्य संपादक म्हणून सासरे दोनदा टकटक करत आणि बोट दाखवत ते सगळ्यांत धाकट्याकडे. थोरल्यांची तोंडं बघून धाकट्यांनी बोलू नये, म्हणून ही रीत. स्वतः ते अगदी शेवटी बोलत.

तिच्या पहिल्याच बैठकीत 'मत' हा शब्द आला. तिने लिहून आणलं होतं: निवडणुकीत उमेदवाराला दिलेला कौल. वाचून होताच 'हाच अर्थ पक्का' म्हणून तिने घाईघाईने हात वर केला.

"हात आला," ते म्हणाले. "विचार मागून येतोय का?"

सगळे हसले. तिचे कान तापले. मग त्यांनी तिला जवळच्या खुर्चीत बसवून सांगितलं, मूळ संस्कृत धातू मन्, म्हणजे विचार करणे. मत म्हणजे विचार केलेलं. पेटी, शिक्का, मोजणी हे सगळं त्यावर नंतर चढलं. "पेटीत पडतं ते नुसतं टरफल गं. दाणा आधी डोक्यात भरावा लागतो."

"ही बाबांची कचेरीतली रीत," ती आता म्हणाली. "धाकट्यापासून सुरुवात."

"मग बाळालाच विचारूया की!" दीर म्हणाले. "वाचा गेली, पण बैठकीची खोड काही जात नाही."

कुणी हसलं नाही.

'नको पाठवायला' हे शब्द तिच्या ओठांवर तयारच होते. चांगली सून म्हणवून घ्यायला एवढे पुरले असते. पण सासरे बघत होते, त्याच जुन्या नजरेने. तिने ते शब्द गिळले.

"मी दमलेय," ती म्हणाली. "बाळ रडलं की बाबांचा घास हातातच राहतो. बाबांना ठसका लागला की बाळ पलंगाच्या कडेशी गेलेलं असतं. ते दुसरीकडे राहिले तर मला झोप मिळेल, असं मी म्हटलंय. ते खोटं नव्हतं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "पण त्यांची ही खुर्ची रिकामी बघवणार नाही मला. राहू देत त्यांना. फक्त दिवसा कुणीतरी मदतीला हवं. हे माझं मत."

नवऱ्याने मान वर केली. "राहू देत."

"मलाही विचारताय? बाई गं, आज काय उजाडलंय!" जाऊबाईंनी पेला खाली ठेवला आणि मग हळूच म्हणाल्या, "राहू देत."

दीर खाकरले. "मग मी एकट्यानेच वाईट का व्हावं? राहू देत." त्यांनी माहितीपत्रकाची घडी घातली. सगळ्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं.

"अजून एक राहिलंय," ती म्हणाली.

"त्यांना काय विचारायचं?" दीर म्हणाले. " त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं."

बाळाला कडेवर घेऊन ती सासऱ्यांच्या खुर्चीपुढे वाकली.

"बाबा, इथेच राहायचं ना?"

डावा हात टेबलावरच राहिला. ऐकू गेलं नसेल, असं तिला वाटलं. तिने पुन्हा विचारलं. हात हलला नाही.

तिने बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"जायचंय?"

हात वर झाला. कोपरापासून सरळ, कचेरीत व्हायचा तसा.

"त्यांना कळलं नसेल," जाऊबाई पुटपुटल्या.

"जाऊ दे गं," दीर म्हणाले. "चार विरुद्ध एक. झालं की."

हात खाली येईना.

"मोजणी नंतर. आधी बाबांचा विचार," म्हणत तिने दिरांच्या हातातून माहितीपत्रक काढून घेतलं, त्याची घडी उलगडली आणि ते सासऱ्यांसमोर पसरलं. मग त्यांच्या खिशातला चष्मा काढून, काचा आपल्या बाहीला पुसून, त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

तेव्हा कुठे तो हात खाली आला आणि पहिल्या ओळीखाली बोट धरून थांबला.